बाबा आणि गव्हाची बिअर

मराठी माणसाची दारूशी ओळख बहुधा दोन वाटांनी होते. एक म्हणजे 'एकच प्याला'. गडकऱ्यांचं हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं आणि तेव्हापासून सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही तिघं आपल्या घराघरांत राहायलाच आली म्हणा ना. दुसरी वाट म्हणजे गल्लीतला, नात्यातला किंवा घरातलाच कुणीतरी, ज्याचं नाव मोठी माणसं आवाज खाली आणून घ्यायची. या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. पहिल्या पेल्यानंतर एकदम शेवटचा अंक! मधले अंक आपल्याला कुणी दाखवलेच नाहीत.

आमच्या घरी दुसरी वाट होती. माझा धाकटा काका इचलकरंजीला यंत्रमागावर होता. हातभट्टीच्या पायी १९८६ साली तो गेला, तेव्हा त्याचं वय होतं ३६. मी सात वर्षांचा होतो. काकू आणि दोन चुलत भावंडं मिरजेला आमच्याकडे आली ती कायमचीच. एका शाळामास्तरच्या पगारात खाणारी तोंडं चाराची सात झाली. तेव्हापासून बाबांनी घरात सर्दीखोकल्याला छातीवर चोळायची ब्रँडीसुद्धा येऊ दिली नाही. ज्या लग्नाच्या घरी 'तसली' व्यवस्था आहे असं कानावर येई, तिथे ते अक्षता टाकून न जेवता परत येत. यात आरडाओरडा काही नसायचा. फक्त पायांत चपला घालायचे आणि निघायचे.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे सांगायचं आहे ते बिअरबद्दल असलं तरी नुसत्या बिअरबद्दल नाही.

ओमानमध्ये दारू मिळत नाही असं तिकडच्या नातेवाइकांना वाटतं. मिळते, पण परवान्यावर. मी २०१० साली मस्कतला आलो तेव्हा मुस्लिमेतर रहिवाशानं कंपनीचं पत्र घेऊन पोलिसांकडून परवाना काढायचा आणि पगाराच्या प्रमाणात ठरलेल्या मासिक मर्यादेत ठराविक दुकानांतून माल घ्यायचा, अशी पद्धत होती. दुकानावर झगमगती पाटी नाही, काचेच्या कपाटात मांडलेल्या बाटल्या नाहीत. घरी न्यायचं, चार भिंतींच्या आत प्यायचं, आणि पिऊन गाडीला हात लावायचा नाही. २०१९ च्या जूनमध्ये दारूवर नवा अबकारी कर बसला तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या काही 'मासिक सभासदां'ची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. आपल्याकडचे लोक या परवान्याला हसतात. पण मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा आहे, आणि महाराष्ट्रात कागदोपत्री अजूनही प्यायला परवाना लागतो, हे त्यातल्या किती जणांना माहीत असतं? फरक एवढाच की इथे तो खरोखर काढावा लागतो.

मी स्वतः घेतो ती क्वचित, आणि घेतो ती बिअरच. ही सवय एर्लांगेनची. २००२ ते २००४ मी तिथे मास्टर्स करत होतो. एर्लांगेन हे बव्हेरियाच्या उत्तरेकडच्या फ्रँकोनिया भागातलं गाव. तिथे पेंटेकॉस्टच्या सुमाराला टेकडीवर बारा दिवसांची जत्रा भरते, १७५५ पासून. टेकडीच्या पोटात खोदलेली जुनी तळघरं आहेत. फ्रिज नव्हते तेव्हा बिअर तिथे थंड ठेवत. त्या सगळ्या भागात गावागणिक ब्रुअरी. औफसेस नावाच्या गावाची वस्ती जेमतेम दीड हजार आणि ब्रुअऱ्या चार. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. आपल्याकडे गावागणिक पिठाची गिरणी असावी तसं. ब्रुअरीचा मालकच बिअर बनवतो, त्याची बायको खानावळ चालवते, आणि त्याची बिअर दहा-पंधरा मैलांच्या पलीकडे कुणाला ठाऊकही नसते.

तर आमच्या ऑफिसात गेली तीन वर्षं एक जर्मन इंजिनिअर आहे, तो त्याच भागातला. मी एर्लांगेनला होतो म्हटल्यावर त्यानं मला भाऊच मानलं. नाताळच्या सुट्टीत घरी जाऊन तो जानेवारीत परतला, तेव्हा विमानतळावर चालतात तेवढ्या बाटल्या बॅगेत लोकरी मोज्यांत गुंडाळून घेऊन आला. त्याच्या गावच्या ब्रुअरीची गव्हाची बिअर. चिनीमातीच्या बुचाच्या, तारेच्या खटक्यानं बंद होणाऱ्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या. त्यातल्या दोन माझ्यासाठी. गुरुवारी संध्याकाळी घेऊन येतो म्हणाला. मी "ये, जेवायलाच ये" म्हटलं.

बाबा तेव्हा आमच्याकडे होते. आई गेल्यापासून हिवाळ्याचे दोन-तीन महिने ते मस्कतला काढतात. वय ८१. मी त्या जर्मनाला सांगितलं की वडील आहेत, तेव्हा बाटल्या पिशवीतच राहू दे, नंतर बघू. त्यानं मान डोलावली. पण जर्मन माणसाला 'नंतर बघू'चा मराठी अर्थ कसा कळावा? आला, बूट काढले, बाबांना वाकून नमस्कार केला (हे त्याला आमच्या सौ.नं गणपतीत शिकवलं होतं) आणि पिशवीतून दोन्ही बाटल्या काढून सरळ टीपॉयवर ठेवल्या, बाबांच्या चष्म्याच्या डबीशेजारी.

सौ. स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मी बाबांच्या पायांकडे बघितलं. चपला बाल्कनीच्या दाराशी होत्या.

बाबांनी एक बाटली हातात घेतली. उजेडात धरली, तळाशी बसलेला पांढरट गाळ पाहिला आणि मला विचारलं, "हे नासलंय का?"

बाबांनी ३४ वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. प्रश्न तिरकस नव्हता, त्यांना खरंच माहिती हवी होती. तेव्हा मी सांगायला सुरुवात केली, आणि जिथे अडलो तिथे पाहुण्यानं इंग्रजीतून भर घातली.

गाळ म्हणजे यीस्ट. गव्हाची बिअर जुन्या पद्धतीनं करतात तेव्हा ती गाळून स्वच्छ करत नाहीत, म्हणून ती गढूळ असते. धान्याला मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं, भरडायचं. "म्हणजे नाचणीचं सत्त्व," बाबा म्हणाले. अगदी तेच. लहान बाळाला आपण मोडाच्या नाचणीचं सत्त्व देतो, कारण मोड आले की धान्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. तीच युक्ती. फक्त ती साखर बाळाच्या पोटात न जाता यीस्टच्या पोटात जाते. या बिअरसाठी जर्मनीत निदान निम्मं धान्य गव्हाचं लागतं, उरलेलं जवाचं. नुसता गहू का नाही? कारण गव्हाचं टरफल मळणीतच सुटून जातं आणि जवाचं चिकटून राहतं. गरम पाण्यात धान्य भिजवून गोड पाणी खाली काढायचं असतं, तेव्हा जवाचं फोलपटच चाळणीचं काम करतं. नुसत्या गव्हाची नळ चोंदवणारी खळ होते. आमच्या डिसॅलिनेशनच्या धंद्यात फिल्टर चोंदला की रात्री-अपरात्री फोन येतो, त्यामुळे या फोलपटाचं महत्त्व मला जास्तच पटतं.

मग पाहुण्यानं १५१६ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी एप्रिलमध्ये इंगोलश्टाट गावी बव्हेरियाच्या ड्यूक विल्हेल्म चौथ्यानं फर्मान काढलं की बिअर फक्त पाणी, जव आणि हॉप्स यांचीच करायची. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही, ते काम कोण करतं हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. जर्मन लोक या कायद्याचा शुद्धतेचा कायदा म्हणून फार अभिमान बाळगतात. पण त्यातलं एक कलम पोटापाण्याचंही होतं. गहू पावासाठी राखायचा होता.

बाबा सावरून बसले. "म्हणजे गहू पोळीला आणि जव दारूला. शहाणा राजा."

"पण मग ही गव्हाची कशी?" सौ.नं दारातूनच विचारलं. आली का पंचाईत! कायदा राजाचा, म्हणून सवलतही राजाचीच. डेगेनबर्ग नावाच्या एका सरदार घराण्याला गव्हाची बिअर करायचा हक्क दिलेला होता. १६०२ साली ते घराणं निर्वंश झालं, आणि राज्यकर्ता मॅक्सिमिलियन यानं तो हक्क स्वतःकडे घेतला. मग राजघराण्याच्याच ब्रुअऱ्या निघाल्या. केलहाइमची १६०७ सालची. इतरांना बंदी आणि राजाच्या खजिन्यात धो धो पैसा. पुढे लोकांची आवड बदलली, धंदा बसला, आणि १८७२ साली गेओर्ग श्नायडर नावाच्या ब्रुअरनं राजा लुडविग दुसरा याच्याकडून हा हक्क मिळवला, तेव्हा सामान्य माणसाला गव्हाची बिअर करण्याची वाट मोकळी झाली. श्नायडरची बिअर आजही त्याच केलहाइममध्ये होते.

"दारूबंदी सगळ्यांना आणि मक्ता सरकारला," बाबा म्हणाले. "हे काही नवीन नाही."

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. माझ्याकडे न बघता, थेट पाहुण्याला, त्यांच्या सावकाश शाळामास्तरी इंग्रजीत. तुमच्या गावात पिऊन मेलेली माणसं आहेत का?

मला वाटलं हा आता बव्हेरियाचं नेहमीचं कीर्तन लावणार. बिअर म्हणजे आमचा पातळ पाव, आम्ही जेवणाबरोबर पितो, आमच्याकडे हे अन्नच आहे वगैरे. एर्लांगेनला दोन वर्षं मी हे ऐकलं होतं आणि खरं सांगायचं तर मिरजेला सुट्टीवर आलो की मित्रांना ऐकवलंही होतं. पण तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, माझ्या आईचा भाऊ. त्याच ब्रुअरीत कामाला होता. तिथे कामगाराला रोज बिअर मिळायची, पगाराचाच भाग म्हणून. पन्नाशी गाठली नाही. गावात त्याला कुणी दारुडा म्हटलं नाही, कारण बिअरला गावात कुणी दारू म्हणतच नाही.

बाबांनी मान हलवली. "माझा भाऊ," एवढंच म्हणाले. पुढचं मी सांगितलं.

नंतर काही वेळ कुणीच बोललं नाही. मग बाबा मला म्हणाले, "उघड. एवढ्या लांबून आणलंय त्यानं. पाहुण्याला एकट्याला प्यायला लावू नये."

या बिअरचं ओतणं हा एक विधीच आहे. उंच, खाली निमुळता पेला थंड पाण्यानं ओला करायचा, तिरपा धरायचा, सावकाश ओतायचं. शेवटचे दोन-तीन घोट बाटलीत ठेवून बाटली गोल फिरवायची, म्हणजे तळाचा गाळ मिसळतो, आणि मग तो वरून सोडायचा. वर दोन-तीन बोटं फेस. रंग पिकलेल्या गव्हाच्या शेतावर संध्याकाळचं ऊन पडावं तसा, पण धुरकट. पहिला घोट घेण्याआधी वास घ्यायचा. मी घेतला. वीस वर्षांपूर्वीची ती टेकडी डोळ्यांसमोर आली. पण चांगली नाकं आमच्या घरात दुसऱ्यांचीच आहेत.

बाबांनी हात पुढे केला. पेला नाकाजवळ नेला, डोळे मिटले.

"केळं," ते म्हणाले. "पिकलेलं. आणि लवंग." थोडं थांबून, "अरे, हा तर सत्यनारायणाच्या प्रसादाचा वास!"

सौ. धावत आली, तिनंही वास घेतला, आणि तोंडावर पदर धरून हसत सुटली. रवा गव्हाचा, केळं हवंच, आणि तिच्या माहेरी शिऱ्यात वेलचीबरोबर एक लवंगही पडते. देवा, क्षमा कर, पण बाबांचं नाक चुकलं नव्हतं.

यात ना केळं असतं ना लवंग. दोन्ही वास यीस्टचे. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेट या एस्टरचा. खऱ्या केळ्यातही तेच असतं, गोळ्या-चॉकलेटातही तेच घालतात, आणि गंमत म्हणजे डंख मारणारी मधमाशी बाकीच्या माश्यांना धोक्याची सूचना देते तीही याच द्रव्यानं. लवंगेचा वास व्हायनिल ग्वायाकॉल नावाच्या द्रव्याचा. धान्याच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं. भिजवण ४५ अंशांच्या आसपास थोडा वेळ ठेवलं की ते सुटं होतं, आणि हे विशिष्ट यीस्ट त्याचं रूपांतर करतं. दुसऱ्या बहुतेक बिअरमध्ये हाच वास आला तर तो दोष समजून ब्रुअर अख्खी टाकी ओतून देईल. इथे तो आला नाही तर गिऱ्हाईक पेला परत करील.

लवंगेवरून आठवलं. दुसऱ्या दिवशी ही हकिगत मी ऑफिसातल्या ओमानी मित्राला सांगितली. तो पीत नाही, पण ऐकून खूश झाला. त्याची आजी झांझिबारची. ओमानच्या सय्यद सईदनं एकोणिसाव्या शतकात राजधानीच मस्कतहून झांझिबारला हलवली आणि तिथे लवंगेच्या बागा वाढवल्या. १९६४ च्या क्रांतीनंतर अनेक ओमानी घरांना ते बेट सोडावं लागलं, आणि १९७० नंतर त्यातली कितीतरी इकडे परत आली. त्याच्या घरी अजून स्वाहिली बोलतात. लवंगेला अरबीत काय म्हणतात विचारलं तर म्हणाला, "करनफुल." आमच्या सौ.ला ते कर्णफूल ऐकू आलं आणि ती आता फोडणीत कर्णफुलं टाकते!

पण मूळ मुद्दा राहिला. मी तो पेला बाबांसमोर प्यायलो. आयुष्यात पहिल्यांदा. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला घशाखाली घोट जाताना आवाज होऊ नये म्हणून काळजी घ्यावी लागली. चव? मऊ, जवळजवळ दुधासारखी भरलेली, कडवटपणा अगदी नावाला, शेवटी जिभेच्या कडेला लिंबासारखं किंचित आंबट. इथल्या दुकानात मोठ्या कंपन्यांची गव्हाची बिअर कधी कधी मिळते, ती वाईट नसते. पण बोटीनं प्रवास करून, महिनोन्‌महिने गोदामात राहून तिचं केळं सुकलेलं असतं. ही तीन आठवड्यांपूर्वी टाकीतून निघालेली. ताकात आणि कालच्या ताकात जो फरक, तोच. बाबांनी स्वतः मठ्ठाच घेतला, आलं-कोथिंबीर लावलेला, आणि पाहुण्याच्या पेल्याला आपलं भांडं टेकवलं. हे त्यांनी कुठे पाहिलं होतं कोण जाणे.

जेवताना चिरंजीवांनी तोंड उघडलं. वय १७. पुढच्या वर्षी जर्मनीला शिकायला जायचं म्हणतोय, जर्मनचे वर्ग सुरू आहेत. जर्मनीत किती वर्षांपासून चालते, असं त्यानं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. पाहुणा म्हणाला, बिअर १६. मी घाईनं म्हटलं, ओमानात २१, आणि महाराष्ट्रातही बिअरला २१. चिरंजीवांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

बाबा त्याला म्हणाले, "तिकडे जाशील तेव्हा तुझ्या आजोबांना एक भाऊ होता, हे तिथल्या मित्रांना सांगशील का?"

"कशाला?" तो म्हणाला.

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "ह्यानं आपल्या मामाचं सांगितलं, मला बरं वाटलं."

मी माझ्या मुलाला त्याच्या चुलत आजोबांबद्दल आजवर फारसं काही सांगितलेलं नव्हतं. घरात फोटो नाही. त्या रात्री बाबांनी सांगितलं, अर्ध्या तासाहून जास्त. दारूचं नाही. काका पावा कसा वाजवायचा, पंचगंगेत या काठावरून त्या काठावर कसा पोहत जायचा, मागाचा तुटलेला धागा चालत्या मागावर कसा जोडायचा, ते. मीही यातलं निम्मं पहिल्यांदाच ऐकत होतो. चाळीस वर्षं आम्ही त्या माणसाचा फक्त शेवटचा अंक पाठ केला होता.

एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण आपल्यापैकी अनेकांना ती आवडेल. ही असली छोट्या ब्रुअरीतली गव्हाची बिअर आपल्याकडेही होऊ लागली. २००९ साली पुण्यात ब्रुअरी निघाली, सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांची, ब्रूमास्टर जर्मन. नाव डुलाली. हे नाव आलं आपल्या देवळालीवरून. १८६१ पासून तिथे इंग्रज सैन्याचा तळ होता. मुदत संपलेले सैनिक घरी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे थांबत. बोटी फक्त हिवाळ्यात सुटायच्या, त्यामुळे काहींना महिनोन्‌महिने बसून राहावं लागे. काम नाही, ऊन मरणाचं. माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत. त्याला सैनिक 'डुलाली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप! इंग्रजीत वेड लागण्याला अजून 'डुलाली' म्हणतात. गल्फमध्ये आपण सगळे कुठल्या ना कुठल्या व्हिसाच्या मुदतीवर थांबलेलो आहोत. कायमचं इथे कुणालाच राहायचं नाही, पण बोट कधी सुटणार तेही ठरलेलं नाही. लेबर कॅम्पात, आणि आपल्या एसी फ्लॅटमध्येही, बायको-मुलं तिकडे ठेवून एकटी राहणारी काही माणसं गुरुवार रात्रीपासून शनिवार रात्रीपर्यंत काय करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांना मंडळाच्या कार्यक्रमात कुणी काही बोलत नाही. परवान्याची मर्यादा असल्यामुळे मर्यादा पाळली जाते, असं आपण धरून चालतो. ज्याच्याकडे परवाना नाही तो काय पितो, हे तर आपण विचारतच नाही.

बाबा मार्चमध्ये मिरजेला परत गेले. दुसरी बाटली त्यांच्या मुक्कामात उघडली नाही. तसं काही ठरवलं नव्हतं, नाही उघडली. नंतर मी आणि तो जर्मन बाल्कनीत बसून ती अर्धी अर्धी प्यायलो. तोवर हवेत दमटपणा यायला लागला होता आणि केळंही थोडं उतरलं होतं. रिकाम्या बाटल्या परत द्यायला काढल्या, तर सौ. देईना. चिनीमातीचं बूच पक्कं बसतं म्हणून तिनं त्यात कोकमाचं आगळ भरलंय. फ्रिजच्या दारात त्या दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात, अंगावर त्या फ्रँकोनियन गावच्या चर्चचं चित्र. परवा मंडळाचे एक पदाधिकारी वर्गणीला आले होते. सौ. सरबताला बर्फ काढायला गेली, फ्रिज उघडा राहिला, आणि गृहस्थ वर्गणीची पावती फाडता फाडता थांबले. चिरंजीव पुढे होऊन म्हणाले, "काका, घेणार? आजोबांनी वास घेऊन पास केलेली बाटली आहे."